अलास्का हायवेवर मोटारहोमने : वाटेवरचे लहान थांबे कोणते आणि ते कसे निवडावेत?

एडमंटनकर

सर्वांना नमस्कार. येत्या जुलैमध्ये आम्ही भाड्याच्या मोटारहोमने, म्हणजे इकडे ज्याला सगळे आरव्ही म्हणतात त्या गाडीने, एडमंटनहून निघून डॉसन क्रीकमार्गे अलास्का हायवेने कॅनडाच्या वायव्येकडील युकॉन प्रदेशाकडे जाणार आहोत. गाडी पंचवीस फुटी आहे. सोबत साताऱ्याहून आलेले माझे आई-बाबा असतील, दोघांनीही सत्तरी ओलांडली आहे, आणि शाळकरी वयाची दोन मुले असतील. हाताशी साधारण तीन आठवडे आहेत.

मोठ्या गावांची आणि राष्ट्रीय उद्यानांची माहिती मी जमवली आहे. मला हवे आहेत ते वाटेवरचे लहान थांबे. जिथे गाडी अर्धा-पाऊण तास उभी करावी, पाय मोकळे करावेत, काही गरम खावे आणि जमल्यास तिथल्या माणसांशी दोन शब्द बोलावेत, अशी ठिकाणे. नकाशावर पाहिले तर शेकडो किलोमीटर नुसते जंगल दिसते आणि इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये प्रत्येक तळ्याला आणि प्रत्येक उपाहारगृहाला सारखीच विशेषणे लावलेली असतात, त्यामुळे खरोखर थांबण्याजोगे काय हे त्यातून कळत नाही. ज्यांनी हा रस्ता सावकाश केला आहे त्यांनी आपला अनुभव सांगितला, तर फार उपयोग होईल.

आणखी दोन गोष्टी. आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा आहे, अमेरिकेचा नाही, त्यामुळे अलास्कात शिरता येणार नाही. मग हा प्रवास अर्धवट वाटेल का? शिवाय आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही.

व्हाइटहॉर्सकर

नमस्कार. मी व्हाइटहॉर्समध्ये राहतो आणि या रस्त्यावर कामासाठीही फिरतो व हौसेनेही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी व्हिसाची शंका. हा रस्ता नावाने अलास्काचा असला, तरी डॉसन क्रीक ते डेल्टा जंक्शन या जवळजवळ २,२०० किलोमीटरांपैकी अलास्कात येतात ते फार तर सव्वातीनशे किलोमीटर. उरलेला सगळा रस्ता ब्रिटिश कोलंबिया आणि युकॉनमध्ये आहे, आणि माझ्या मते त्याचा सर्वांत देखणा भागही कॅनडातच आहे. युकॉनमधल्या क्लुएन सरोवरापर्यंत जाऊन परत फिरलात, तर काही हुकल्याची खंत करण्याचे कारण नाही.

आता थांब्यांविषयी. हे थांबे जिथे आहेत तिथेच का आहेत, हे कळले की ते निवडणे सोपे होते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अलास्काशी खुष्कीचा मार्ग हवा म्हणून अमेरिकी सैन्याने १९४२ च्या मार्चमध्ये हे काम हाती घेतले आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला क्लुएन सरोवराकाठी रस्ता खुला झाल्याचा समारंभ केला. दहा हजारांहून अधिक सैनिक या कामावर होते आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवलेल्या होत्या आणि त्यांच्या कष्टांची नोंद घ्यायला पुढे कित्येक दशके जावी लागली. सामान्य प्रवाशांसाठी रस्ता १९४८ मध्ये उघडला तेव्हा तो खडीचा आणि चिखलाचा होता. टायर फुटत, काचा तडकत, इंजिने तापत. त्यामुळे दर चाळीस-पन्नास किलोमीटरांवर कुणीतरी पेट्रोलचा पंप, दोन-चार खोल्या, एक स्वयंपाकघर आणि दुरुस्तीची शेड घालून बसले. तीच ही लॉजेस. पुढे रस्ता डांबरी झाला, वळणे सरळ झाली, गाड्या एका टाकीत लांबवर जाऊ लागल्या आणि यातली बरीच लॉजेस एकेक करून बंद पडली. आज वाटेत फळ्या ठोकलेल्या खिडक्या आणि नळी नसलेले पंप आपल्याला पुष्कळ दिसतील.

म्हणून माझा सल्ला असा की, जे लॉज चालू आहे ते थांबण्याजोगे आहे असे धरूनच चालावे. तिथले कुटुंब बहुधा तिथेच राहते, वीज स्वतःच्या जनरेटरवर काढते, हंगाम चार-पाच महिन्यांचाच असतो, आणि आपण घेतलेला एक कप चहा व एक पाव हा त्यांच्या टिकून राहण्यातला खरोखरीचा वाटा असतो. ही ठिकाणे प्रवाशांच्या थांबण्यावरच उभी राहिली आणि प्रवासी थांबले नाहीत तर ती उरणार नाहीत. अशी लॉजेस आपला पत्ता अजूनही ‘ऐतिहासिक मैल’ म्हणून, म्हणजे मूळ रस्त्यावरचे डॉसन क्रीकपासूनचे अंतर म्हणून, सांगतात. रस्ता सरळ केल्यामुळे तो आकडा आजच्या अंतराशी जुळत नाही, पण बोर्डवर तोच लिहिलेला असतो, त्यामुळे तो लक्षात ठेवावा.

डॉसन क्रीकमध्ये शून्य मैलाच्या खांबापाशी छायाचित्र काढून पुढे निघावे. तिथून थोड्याच अंतरावर, २१ व्या ऐतिहासिक मैलापाशी, जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला फुटतो आणि त्यावर किस्कॅटिनॉ नदीवरचा लाकडी पूल आहे. लांबी १६२ मीटर, आणि नदी जिथे वळण घेते तिथेच तो बांधावा लागल्यामुळे पूर्ण पूलच वक्र आहे. आपली गाडी अवजड आहे, तेव्हा ती अलीकडेच उभी करून तो पाहावा. मुलांना वक्र लाकडी पूल कसा तोलला असेल हा प्रश्न जरूर विचारावा. यापुढे फोर्ट नेल्सनपर्यंतचा पट्टा तेल आणि वायू उद्योगाच्या ट्रकांचा आहे, तो शांतपणे पार करावा.

खरी गंमत फोर्ट नेल्सननंतर सुरू होते, कारण तिथून रस्ता रॉकी पर्वतांच्या उत्तर टोकात शिरतो. ३७५ व्या मैलावर टेट्सा रिव्हर लॉज आहे. तिथले दालचिनीचे मोठे बन सकाळी भट्टीतून निघतात आणि दुपारपर्यंत संपू शकतात, म्हणून फोर्ट नेल्सनहून लवकर निघावे. त्यानंतर समिट लेक लागते. ही जागा सुमारे १,२९५ मीटर उंचीवर असून या संपूर्ण हायवेवरील सर्वांत उंच ठिकाण आहे. जुलैतही तिथे वारा बोचरा असतो, तेव्हा आई-बाबांचे स्वेटर वर काढून ठेवावेत. ४२२ व्या मैलावरच्या टोड रिव्हर लॉजच्या छताला प्रवाशांनी दिलेल्या हजारो टोप्या टांगलेल्या आहेत आणि मुले मान वर करून त्या वाचत बसतात.

मग मन्चो लेक. साधारण बारा किलोमीटर लांबीचे हिरव्या-निळ्या पाण्याचे हे सरोवर असून रस्ता कड्याखालून अगदी पाण्याला खेटून जातो. तिथे वळणांवर न थांबता रुंद थांबे येतील तिथेच गाडी काढावी. सरोवराच्या उत्तरेला ट्राउट नदीकाठी रानमेंढ्या आणि कॅरिबू हरणे मातीतली खनिजे चाटायला येतात. पहाटे तिथल्या छोट्या पायवाटेवर गेल्यास ते दिसण्याची शक्यता अधिक असते.

आणि ४९६ व्या मैलावरचे लियार्ड नदीचे गरम झरे. या एका ठिकाणी मुक्काम करावाच, असे मी आग्रहाने सांगेन. गाडीतळापासून सुमारे सातशे मीटरांची लाकडी फळ्यांची सपाट वाट कोमट पाण्याच्या दलदलीवरून जाते. गरम पाण्यामुळे इथली जमीन हिवाळ्यातही पुरती गोठत नाही, त्यामुळे एवढ्या उत्तरेला एरवी न टिकणारी नेचे आणि रानफुले इथे वाढतात, आणि याच उबदार पाण्यात लहान मासेही राहतात. कुंड बांधीव आहे ते केवळ पायऱ्यांपुरते, तळाशी वाळू-खडी तशीच ठेवली आहे. पाण्याचे तापमान ४२ ते ५२ अंशांच्या दरम्यान असते. झऱ्याच्या मुखाशी ते सोसवत नाही, जसजसे खाली सरकावे तसतसे सुखद होत जाते. १९४२ मध्ये रस्ता बांधणारे सैनिकही इथेच अंघोळीला येत. आपल्याकडे गणेशपुरीची किंवा तुरळची कुंडे पाहिलेल्या आई-बाबांना हे ठिकाण परके वाटणार नाही.

निवृत्त_अभियंता

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी त्यात वेगाविषयी आणि गाडीविषयी भर घालतो, कारण थांबे हुकतात ते बहुतेक वेळा माहितीच्या अभावी नव्हे, तर दिवसाचे अंतर जास्त धरल्यामुळे.

आपण एडमंटन ते डॉसन क्रीक हे सुमारे ५९० किलोमीटर एका दिवसात करू शकाल, पण तो हिशेब पुढे लावू नये. डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन साधारण ४५० किलोमीटर, तिथून वॉटसन लेक पाचशेच्या थोडे वर, आणि तिथून व्हाइटहॉर्स पुन्हा साडेचारशेच्या घरात. हे तीन टप्पे तीन दिवसांत मारणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांना या रस्त्यावर फक्त झाडे दिसतात. ज्येष्ठ आणि मुले बरोबर असताना दिवसाला अडीचशे ते तीनशे किलोमीटर हे माझे माप आहे. सकाळी आठला निघून तीन-चार वाजता मुक्कामावर पोहोचावे. याचे एक कारण असे की सरकारी कॅम्पग्राउंडमध्ये नदीकाठच्या जागा दुपारीच भरतात. दुसरे असे की मुक्कामाला लवकर पोहोचायचे नक्की असेल तरच वाटेत थांबताना चालवणाऱ्याच्या मनाला टोचणी लागत नाही. उजेडाची काळजी करू नये. व्हाइटहॉर्सला जूनअखेरीस दिवस एकोणीस तासांचा असतो आणि जुलैतही रात्री दहाला लख्ख दिसते. उलट मुले झोपावीत म्हणून खिडक्यांना जाड पडदे किंवा काळा कापडी अडसर जवळ ठेवावा.

इंधनाच्या बाबतीत व्हाइटहॉर्सकरांच्या एका मुद्द्याला मी मर्यादा घालू इच्छितो. लॉजवर चहा-पावासाठी अवश्य थांबावे, पण पेट्रोलसाठी त्यांच्यावर विसंबू नये. लॉज विकले जाते, मालक आजारी पडतो, टँकर उशिरा येतो, आणि या गोष्टी आपल्याला तिथे पोहोचल्यावरच कळतात. टाकी अर्धी झाली की जिथे मिळेल तिथे भरावी, महाग असले तरी. हाच नियम पिण्याच्या पाण्याला आणि सांडपाण्याच्या टाकीलाही लावावा. फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स इथे सोय दिसताच टाक्या रिकाम्या करून घ्याव्यात, कारण युकॉनच्या रानातल्या बहुतेक सरकारी कॅम्पग्राउंडांवर ना विजेची जोडणी असते ना सांडपाण्याची.

आता रस्त्यावरून जाताना चांगला थांबा कसा ओळखावा, याबद्दल. मी तीन खुणा पाहतो. दारात मालवाहू ट्रक उभे असतील तर तिथले जेवण ताजे असते, कारण ते चालक दर आठवड्याला तिथून जातात आणि त्यांना फसवून चालत नाही. खिडकीत कुंड्या असतील, अंगण झाडलेले असेल, तर तिथे माणसे राहतात आणि त्यांना त्या जागेची माया आहे असे समजावे. आणि ‘आजचे सूप’ असे हाताने लिहिलेली पाटी असेल, तर छापील मेन्यूपेक्षा तीच वाचावी. निसर्गातल्या थांब्यांची खूण वेगळी आहे. युकॉनमध्ये बहुतेक चांगल्या थांब्यांवर सरकारने माहितीफलक लावलेले असतात आणि ते लक्षपूर्वक लिहिलेले असतात. त्यांची सूचना देणारी पाटी थोडी आधीच येते. ती दिसताच वेग कमी करावा, कारण पंचवीस फुटी गाडी ऐनवेळी वळत नाही आणि मागे घेणे त्याहून कठीण.

एक तांत्रिक सूचना. डिस्ट्रक्शन बेच्या पुढे बीव्हर क्रीकपर्यंत रस्त्याखालची जमीन कायम गोठलेली आहे. डांबर उन्हाने तापते, खालचा बर्फ ठिकठिकाणी वितळतो, रस्ता खचतो, फुगतो आणि लाटांसारखा होतो. दूरवरून हे दिसत नाही. त्या पट्ट्यात ताशी साठच्या आत राहावे आणि कपाटांच्या कड्या लावून घ्याव्यात. आपल्याला सीमा ओलांडायची नाही, तेव्हा मी तर क्लुएन सरोवराकाठच्या बर्वॉश लँडिंगहूनच परत फिरण्याचा सल्ला देईन.

रानवाटा

युकॉनमधल्या टप्प्याबद्दल मी लिहिते, तो माझ्या विशेष आवडीचा आहे.

वॉटसन लेकचे ‘साइन पोस्ट फॉरेस्ट’ प्रत्येक यादीत असते, म्हणून ते लहान थांब्यांत धरत नाहीत, पण मुलांसाठी ते आवर्जून ठेवा. १९४२ मध्ये कार्ल लिंडली या सैनिकाने इथल्या दिशादर्शक खांबावर इलिनॉयमधल्या आपल्या डॅनव्हिल गावाची पाटी लावली. पुढे येणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या गावाची लावली आणि आता तिथे हजारो पाट्यांच्या गल्ल्याच झाल्या आहेत. कुणालाही पाटी लावता येते. आपण साताऱ्याचे नाव देवनागरीत रंगवलेली एक फळी, दोन खिळे आणि हातोडी घरूनच घेऊन निघा. आजोबांनी अक्षरे काढावीत आणि मुलांनी रंग भरावा. रंग बाहेरच्या हवेत टिकणारा असावा.

वॉटसन लेकनंतर दीडेक तासाने रँचेरिया धबधबा येतो. गाडीतळापासून पाच-दहा मिनिटांची लाकडी वाट आहे, चढउतार जवळजवळ नाही, आणि जंगलातून अचानक नदी दोन धारांनी कोसळताना दिसते. पाटी साधी असल्यामुळे बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. इथून जवळच पाणलोटाची सीमा आहे. तिच्या एका बाजूचे पाणी मॅकेंझी नदीतून आर्क्टिक महासागराला जाते आणि दुसऱ्या बाजूचे युकॉन नदीतून बेरिंगच्या समुद्राला. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते हे आपल्या मुलांना आजीने सांगितले असेलच. इथे तोच धडा फलकावर नकाशासह मांडला आहे.

टेस्लिनला मात्र घाई करू नका. ऐतिहासिक मैल ८०४. इथल्या लिंगिट या मूळनिवासी समाजाच्या टेस्लिन लिंगिट वारसा केंद्राच्या दारात पाच कुळांचे पाच कोरीव खांब आहेत आणि आत कोरीव मुखवटे. हंगामात तिथे कारागीर काम करताना भेटतात आणि मोकळेपणाने बोलतात. गावातच जॉर्ज जॉनस्टन यांच्या नावाचे छोटे संग्रहालय आहे. जॉनस्टन हे लिंगिट समाजातले शिकारी, व्यापारी आणि छायाचित्रकार होते. त्यांनी आपल्याच लोकांची छायाचित्रे काढली, आणि ती बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या नजरेची नाहीत. त्यांत माणसे हसतात, नटतात, मासे मिरवतात. गावात एकही रस्ता नव्हता तेव्हा त्यांनी १९२८ सालची शेव्हरोले गाडी बोटीतून मागवली, तिच्यासाठी स्वतःच काही किलोमीटर रस्ता तयार केला आणि हिवाळ्यात ती गोठलेल्या सरोवरावरून शिकारीला नेली, सावजाला दिसू नये म्हणून पांढरी रंगवून. ती गाडी तिथे पाहायला मिळते. अलास्का हायवे येण्याच्या कितीतरी आधी एका माणसाने आपला रस्ता आपणच बांधला, ही गोष्ट मला या हायवेच्या साऱ्या इतिहासात सर्वांत भावते.

व्हाइटहॉर्सच्या अलीकडे जेक्स कॉर्नरहून कारक्रॉसकडे फाटा जातो. तो घ्या. कारक्रॉसजवळ वाळूच्या टेकड्या आहेत. हिमयुगानंतर आटलेल्या सरोवराच्या तळाची ही वाळू असून वारा ती हलवत राहतो. मुले तिथून हलणार नाहीत. तिथून व्हाइटहॉर्सकडे जाताना एमराल्ड लेक लागते, त्याच्या तळाशी चुन्याचा पांढरा गाळ आहे आणि त्यामुळे उथळ भागात पाणी हिरवे दिसते. कारक्रॉसहून दक्षिणेकडचा रस्ता स्कॅगवेला, म्हणजे अमेरिकेत उतरतो, तेव्हा आई-बाबा बरोबर असताना त्या बाजूला सीमेपर्यंत जाऊ नका.

व्हाइटहॉर्सच्या पश्चिमेला, कॅन्यन क्रीकपाशी, आयशिहिक नदीवरचा जुना लाकडी पूल रस्त्याला लागूनच आहे. त्यावरून चालता येते, खाली पाणी उथळ आणि स्वच्छ आहे, बसायला बाके आहेत. दुपारच्या जेवणासाठी याहून चांगली जागा मला या टप्प्यात माहीत नाही.

पुढे हेन्स जंक्शन, आणि तिथून चढ चढून उतरताना समोर क्लुएन सरोवर पसरते. कॅनडातले सर्वोच्च शिखर माउंट लोगन, ५,९५९ मीटर, इथल्याच क्लुएन राष्ट्रीय उद्यानात आहे, पण ते रस्त्यावरून दिसत नाही, त्याची आशा धरू नका. सरोवराच्या दक्षिण टोकाला थेचाल ढाल येथील माहितीकेंद्रात दुर्बिणी लावलेल्या असतात. वसंतात आणि शरदात पांढऱ्या डॉल मेंढ्या खालच्या उतारावर येतात, जुलैत त्या वर गेलेल्या असतात आणि ठिपक्यांएवढ्या दिसतात. पण तिथे आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. समोरचे ते रुंद, राखाडी पात्र स्लिम्स नदीचे. कॅस्कावुल्श हिमनदी इतकी मागे सरली की २०१६ च्या वसंतात तिच्या वितळलेल्या पाण्याला दुसरी वाट मिळाली आणि सरोवराकडे येणारी ही नदी काही दिवसांतच जवळजवळ आटली. जे पाणी या सरोवरातून युकॉन नदीमार्गे बेरिंगच्या समुद्रात जायचे, ते आता दक्षिणेला पॅसिफिककडे जाते. सरोवराची पातळी उतरली आणि वाऱ्याच्या दिवशी कोरड्या पात्रातून धुळीचे लोट उठतात. तिथल्या कर्मचाऱ्यांना याविषयी विचारा, ते मनापासून सांगतात.

एडमंटनकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाबांनी फळीवर अक्षरे काढायला आजच सुरुवात केली आहे. दिवसाचे अंतर तीनशेच्या आत ठेवायचे हे आता नक्की केले, आणि बर्वॉश लँडिंग हेच परतीचे ठिकाण धरले.

तीन शंका उरतात. लियार्डच्या पाण्यात सत्तरीच्या माणसांनी उतरणे कितपत बरे? बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. अस्वलांविषयी आई फार धास्तावली आहे, तिला काय सांगू? आणि परतीला तोच रस्ता घ्यावा की दुसरा आहे?

व्हाइटहॉर्सकर

बाबांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. त्यांनी होकार दिला, तरी गरम मुखापासून दूरच्या टोकाला, कंबरेपर्यंतच्या पाण्यात, पाच-दहा मिनिटे एवढेच ठेवावे. बाहेर येताना कुणी हात द्यावा आणि लगेच पाणी प्यायला द्यावे. नुसते काठाच्या पायरीवर पाय सोडून बसले तरी थकवा उतरतो.

अस्वलांची धास्ती रास्त आहे आणि ती थोडी असू द्यावी. लियार्डला १९९७ मध्ये अस्वलाच्या हल्ल्यात दोन माणसे दगावली होती. आता हंगामात तिथे कर्मचारी लक्ष ठेवून असतात. आईंना सांगावे की मोटारहोमच्या पक्क्या भिंती हाच मोठा दिलासा आहे. क्लुएनकाठच्या काँगडन क्रीक कॅम्पग्राउंडमध्ये जुलैच्या मध्यानंतर बेरी पिकल्या की अस्वले येतात, आणि तिथे तंबूवाल्यांवर बंधने असतात, पक्क्या गाडीवर नसतात. अन्न, भांडी, कचरा, दात घासायची पेस्टसुद्धा बाहेर ठेवू नये. पायवाटेवर चौघे-पाच जण एकत्र, मोठ्याने बोलत चालावे आणि अस्वलाला पिटाळायचा फवारा पिशवीत नव्हे, पट्ट्याला लावलेला असावा. रस्त्याकडेला अस्वल दिसले तर गाडी रस्त्यावर थांबवू नये आणि काचही उतरवू नये. लियार्डच्या आसपास बायसन, म्हणजे इकडचे रानगवे, रस्त्यावर येऊन बसतात. एकेक नर जवळजवळ टनभराचा असतो. भोंगा न वाजवता ते उठेपर्यंत वाट पाहावी.

आईंच्या जेवणाचे राहिले होते. लॉजमधल्या बनांत अंडे असू शकते आणि सूप बहुधा मांसाच्या रश्शावर केलेले असते, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी आधी विचारावे. टोस्ट, तळलेले बटाटे आणि चहा सर्वत्र मिळतो. तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, भाजणी आणि मसाले एडमंटनहूनच भरून न्यावेत. ताजी भाजी फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक आणि व्हाइटहॉर्समध्ये मिळेल, पण पहिल्या दोन ठिकाणी निवड कमी आणि भाव चढे असतात.

हिरवी_वाट

परतीसाठी कॅसियार हायवे घ्यावा, असे मी सुचवीन. वॉटसन लेकच्या पश्चिमेला सुमारे वीस किलोमीटरांवर हा रस्ता दक्षिणेला फुटतो आणि जवळजवळ सव्वासातशे किलोमीटरांनी किटवांगाला निघतो. तिथून प्रिन्स जॉर्ज आणि जॅस्परमार्गे आपण एडमंटनला पोहोचाल. अलास्का हायवेपेक्षा तो अरुंद आहे, उत्तरेकडच्या भागात कडेची पट्टी नाही, वस्ती आणखी विरळ आहे. म्हणूनच तो दिवसाउजेडी आणि सावकाश करायचा रस्ता आहे.

त्यावरचा माझा सर्वांत आवडता मुक्काम बोया लेक. तळाशी शंख-शिंपल्यांचा चुरा मिसळलेला पांढरा गाळ आहे आणि पाणी इतके नितळ की होडीची सावली तळावर पडलेली दिसते. कॅम्पग्राउंड अगदी काठावर आहे. पुढे जेड सिटी हे नावाने शहर, प्रत्यक्षात रस्त्याकडेची वस्ती, जिथे परिसरातल्या डोंगरांतून निघालेला हिरवा जेड दगड कापताना पाहायला मिळतो. मेझियाडिन जंक्शनहून स्टुअर्टकडे जाणारा पासष्ट किलोमीटरांचा फाटा अवश्य घ्यावा. वाटेत बेअर ग्लेशियर रस्त्यावरूनच दिसते. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत हा बर्फ खालच्या दरीत भरलेला होता, आज तो वर कड्यावर लोंबतो आणि खाली तळे आहे. स्टुअर्टच्या पलीकडचे हायडर हे अमेरिकेतले गाव. तिथे शिरताना अमेरिकेची चौकी नाही, कॅनडाची परतताना आहे. चौकी नाही म्हणून व्हिसाविना गेलेले चालते असा गैरसमज इंटरनेटवर आढळतो, तो मनावर घेऊ नये. आई-बाबांना घेऊन स्टुअर्टलाच थांबावे.

शेवटच्या टप्प्यात, किटवांगाच्या थोडे अलीकडे, गितान्याउ गावात गित्क्सान या मूळनिवासी लोकांचे जुने कोरीव खांब उभे आहेत. टेस्लिनचे खांब अलीकडचे आणि रंगीत आहेत, इथले ऊन-पावसाने राखाडी झालेले आहेत. दोन्ही पाहिल्यावर मुलांना फरक विचारावा. हे राहते गाव आहे, तेव्हा गाडी रस्त्याकडेला नीट लावून, घरांची आणि माणसांची छायाचित्रे न घेता पाहावे.

इंधन डीज लेकला पूर्ण भरून घ्यावे, आणि तिथे पोहोचेपर्यंत पुरेल एवढे वॉटसन लेकमध्येच.